एन्सेलाडसचे न हललेले फोटो

सायकल शर्यतींचे फोटो काढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे अवकाशातला फोटो पाहिला की माझ्या मनात आधी एकच प्रश्न येतो : हा हलला कसा नाही?

शनीचा एन्सेलाडस हा चंद्र जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाचा, पांढराशुभ्र, बर्फाचा. त्याच्या दक्षिण ध्रुवापाशी सुमारे १३० किलोमीटर लांबीच्या चार भेगा आहेत. तिथल्या खुणांना अरबी सुरस कथांमधली नावं देतात, म्हणून त्या भेगा अलेक्झांड्रिया, कैरो, बगदाद आणि दमास्कस. भेगांतून उडणारे बर्फकणांचे फवारे ‘कॅसिनी’ यानानं २००५ मध्ये टिपले, तेही सूर्य समोर ठेवून. आमच्या भाषेत बॅकलाइट. एवढे बारीक कण त्याशिवाय उजळत नाहीत.

पुढचं काम, त्या भेगांचे जवळून फोटो काढण्याचं, अवघड होतं. ११ ऑगस्ट २००८ रोजी यान या चंद्रापासून अवघ्या ५० किलोमीटरवरून जाणार होतं, सेकंदाला सुमारे १८ किलोमीटर वेगानं. कॅमेरा एक मेगापिक्सेलचा आणि यानाला पक्का बसवलेला. नेम धरायचा तर अख्खं यान वळवायचं. ते कितीही भराभर वळवलं, तरी खालचा बर्फ त्याहून वेगानं सरकणार. पृथ्वीवरून संदेश पोचायलाच तासाहून जास्त वेळ, म्हणजे ऐनवेळी काही सुधारणं अशक्य.

पॉल हेल्फेनस्टाइन या शास्त्रज्ञानं तोड काढली. चंद्राचा पाठलाग करायचाच नाही. तो ज्या दिशेनं सरकणार, त्या दिशेला यान आधीच पूर्ण वेगानं वळत ठेवायचं आणि चंद्राला मागून येऊन चौकटीत शिरू द्यायचं. यान दूर जाईल तसं चंद्राचं सरकणं मंदावतं. दोन्ही वेग जुळले की फोटो. सायकलस्वाराबरोबर कॅमेरा फिरवत आम्ही पॅनिंग करतो, ते हेच. पण आम्हाला निदान स्वार डोळ्यांनी दिसतो. इथं सगळा भरवसा आधी मांडून ठेवलेल्या गणितावर.

ठरवलेल्या सातही जागा स्वच्छ टिपल्या गेल्या. सर्वांत बारीक तपशिलाच्या फोटोत एक पिक्सेल म्हणजे ७ मीटर. भेगांच्या काठांवर विखुरलेले बर्फाचे ठोकळे सुटे सुटे दिसतात. उजेड तिरपा, त्यामुळे सावल्या लांब आणि उठाव सुरेख. माझ्या लेखी छायाचित्रणाच्या इतिहासातली ही मोठी कामगिरी आहे.

कॅसिनीचे फोटो नुसते देखणे नाहीत. सात वर्षांहून अधिक काळातल्या शेकडो फोटोंवर शास्त्रज्ञांनी विवरांच्या जागा चिकाटीनं नोंदवल्या. त्यातून कळलं, की हा चंद्र फिरताना किंचित डोलतो. बर्फाचं कवच आतल्या खडकाला चिकटलेलं असतं, तर तो एवढा डोलला नसता. म्हणजे कवचाखाली सगळीकडे समुद्र आहे, असा निष्कर्ष २०१५ मध्ये निघाला.

२००९ नंतर दक्षिण ध्रुवावर दीर्घ रात्र सुरू झाली आणि २०१७ मध्ये कॅसिनी शनीच्या वातावरणात जळून गेलं. मूळ फोटो नासाच्या संकेतस्थळावर सर्वांना विनामूल्य खुले आहेत. भेगा निळ्या पट्ट्यांसारख्या दाखवणारी रंगवलेली चित्रं नंतर सावकाश पाहा. आधी ते कृष्णधवल फोटो पडद्यावर मोठे करून पाहा.