अपमान अमेरिकेत, संचारबंदी सोलापुरात

6 ऑक्टोबर 2002 रोजी अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवर ‘सिक्स्टी मिनिट्स’ कार्यक्रमात व्हर्जिनियाचे धर्मप्रचारक जेरी फॉलवेल यांनी प्रेषित मुहंमदांना दहशतवादी म्हटले. त्याच्या निषेधाचा बंद सोलापुरात झाला 11 तारखेला, शुक्रवारी. मधल्या पाच दिवसांकडे फारसे कुणी बघत नाही. माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. संतापाने माणूस हात उगारतो तो त्याच क्षणी. दंगल आखूनच झाली, असे मी म्हणत नाही. पण बंद मात्र आखलेलाच असतो आणि आपल्याकडे बंद म्हणजे दुसऱ्याला शटर ओढायला लावणे. वादाला तोंड फुटले ते दुकाने बंद करण्यावरूनच, असे त्या वेळच्या बातम्या सांगतात. मग दोन्ही बाजूंनी दगडफेक, जाळपोळ, पोलिसांचा गोळीबार, संचारबंदी. सुरुवातीच्या बातम्यांतच किमान पाच मृत्यूंची नोंद होती. आकडा पुढे वाढला. फॉलवेल यांनी 12 तारखेला माफी मागितली. ती मेलेल्यांच्या काय कामाची?

यावर कुणी म्हणेल, ते वर्षच पेटलेले होते. खरे आहे. गुजरातच्या दंगली ताज्या होत्या, 24 सप्टेंबरला अक्षरधामवर हल्ला झालेला होता आणि बंदच्या दिवशी नवरात्र चालू होते. पण हे सगळे बंद पुकारणाऱ्यांना आणि त्यांच्यावर चालून जाणाऱ्यांनाही ठाऊक होतेच. दारूगोळा साठलेला दिसत असताना काडी ओढणाऱ्याला परिस्थितीचा दाखला देता येत नाही. शिवाय किंमत मोजावी लागते ती भलत्यांनाच. सोलापुरातल्या हजारो बायका कारखान्यातून तेंदूची पाने आणि तंबाखू घरी आणतात, विड्या वळून परत नेऊन देतात आणि हजारी हिशेबाने मजुरी घेतात. संचारबंदीत ही ये-जाच थांबते आणि त्या दिवसांची भरपाई कुणी देत नाही.

हा रोग एका धर्माचा नाही. 2014 च्या मे महिनाअखेरीस फेसबुकवर शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रे फिरली. पुण्यात बस फोडल्या गेल्या, आणि 2 जूनच्या रात्री हडपसरला नमाज पढून परतणाऱ्या, मूळ सोलापूरच्या एका तरुण अभियंत्याला जमावाने ठार मारले. त्या चित्रांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. जमावाला अपमान करणारा सापडत नाही. हाताशी लागेल तो त्याला पुरतो.

मग भावना दुखावल्या तर गप्प बसायचे का, हा आक्षेप मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. दुखावणे खरे असते. लाहोरच्या ‘रंगीला रसूल’ या पुस्तिकेच्या प्रकरणानंतर 1927 साली दंडविधानात 295-अ कलम आले ते त्यासाठीच. आज भारतीय न्याय संहितेत ते 299 आहे. व्हर्जिनियापर्यंत हे कलम पोचत नाही, हे कबूल. दगड तरी कुठे पोचला? 10 जून 2022, पुन्हा शुक्रवार. नूपुर शर्मा यांच्या प्रेषितांविषयीच्या वक्तव्याविरुद्ध सोलापुरात मोठा मोर्चा निघाला आणि शांततेत पार पडला. त्याच दिवशी रांचीत दोघांचा बळी गेला. सोलापूर तेच, श्रद्धा तीच, अपमानही त्याच प्रेषितांचा. म्हणजे 2002 चे रक्त भावनेच्या खाती लिहिता येत नाही. स्वातंत्र्यलढ्यातल्या चार हुतात्म्यांचे शहर म्हणून मिरवण्यापेक्षा या दोन शुक्रवारांतला फरक सोलापूरकरांनी अभ्यासलेला बरा.

न्यायव्यवस्थेनेही जमावाला सवलत देऊन पाहिली. हडपसरच्या खटल्यात जानेवारी 2017 मध्ये तिघांना जामीन देताना उच्च न्यायालयाने, मृताचा दोष एवढाच की तो दुसऱ्या धर्माचा होता आणि आरोपी धर्माच्या नावाखाली चिथावले गेले, अशा आशयाचे कारण दिले. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर ताशेरे ओढून तो आदेश रद्द केला. पण जानेवारी 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने पुराव्याअभावी सर्व आरोपींना निर्दोष सोडले. त्या खुनासाठी आजवर कुणालाही शिक्षा झालेली नाही.