ऐन उन्हाळ्यात प्रिंटवर पांढऱ्या रेघा का येतात? प्रिंटरचं हेड चोक होण्यामागचं कारण आणि घरच्या घरी करता येणारे उपाय

मे-जून म्हणजे निकाल, प्रवेश आणि दाखल्यांचे दिवस. पारोळ्यात सेतू केंद्रापासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत सगळीकडे गर्दी असते. गावात एखादं शिबिर असलं की बॅगेत मावणारा छोटा इंकजेट प्रिंटर गाडीच्या डिक्कीत टाकून तिकडे न्यावा लागतो. आणि नेमका तिथेच तो दगा देतो. फोटोवर आडव्या पांढऱ्या रेघा येतात, काळी अक्षरं अर्धीच उमटतात, क्यूआर कोड स्कॅन होत नाही.

मग सुरू होतं 'हेड क्लीनिंग'. एकदा, दोनदा, पाचदा. रेघा तशाच राहतात, पण शाई मात्र संपत येते. शेवटी नवीन कार्ट्रिजचा खर्च अंगावर येतो आणि समोरच्याचा अर्जही अडकतो.

यातला बराचसा खर्च टाळता येतो. त्यासाठी हेड चोक होतं म्हणजे नेमकं काय होतं, ते आधी समजून घ्यायला हवं.

हेडमध्ये असतं तरी काय?

इंकजेट प्रिंटर कागदावर शाईचे अतिशय बारीक थेंब उडवतो. थेंब किती बारीक? काही पिकोलिटरचा. एक पिकोलिटर म्हणजे एका लिटरचा एक लाख कोटीवा भाग. हे थेंब ज्या छिद्रांमधून बाहेर पडतात त्यांना नोझल म्हणतात. ती माणसाच्या केसापेक्षाही बारीक असतात आणि एका हेडवर अशी शेकडो छिद्रं असतात.

थेंब उडवण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिली उष्णतेची. १९७७ साली जपानमध्ये कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत गरम सोल्डरिंग आयर्न चुकून शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागलं आणि सुईतून शाई उडाली. त्यातूनच ही कल्पना पुढे आली. नोझलमागची शाई क्षणभर तापते, वाफेचा बुडबुडा तयार होतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. कॅनन आणि एचपीचे बहुतेक घरगुती प्रिंटर असे चालतात.

दुसरी पद्धत पिएझोची, जी एप्सन वापरते. इथे विजेचा दाब दिला की एक छोटा स्फटिक आकार बदलतो आणि थेंब बाहेर पडतो.

पद्धत कोणतीही असो, छिद्राच्या तोंडाशी शाई सुकली की थेंब अडतो.

खानदेशात हा त्रास जास्त का?

घरगुती प्रिंटरच्या शाईत सर्वात मोठा वाटा पाण्याचा असतो. ती लवकर वाळू नये म्हणून त्यात ग्लिसरीनसारखे ओलावा धरून ठेवणारे पदार्थ घालतात. पण जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जाणं नवीन नाही, आणि दुपारची हवा अगदी कोरडी असते. अशा हवेत नोझलच्या तोंडाशी असलेलं पाणी उडून जातं आणि मागे घट्ट चिकट शाई उरते.

हे होऊ नये म्हणून प्रिंटरमध्ये एक झाकण असतं. काम संपलं की हेड एका कोपऱ्यात जाऊन रबरी कॅपवर बसतं. पण यासाठी प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद व्हायला हवा. छपाई चालू असताना बोर्डाचं बटण दाबलं, वायर ओढली किंवा लाईट गेली, तर हेड मध्येच उघडं राहतं.

पोर्टेबल प्रिंटरच्या बाबतीत आणखी दोन गोष्टींची भर पडते. उन्हात तापलेली डिक्की आणि रस्त्यावरची धूळ.

आधी ओळखा, मग साफ करा

पहिलं काम म्हणजे 'नोझल चेक'. प्रिंटरच्या मेनूत किंवा मोबाइल ॲपमध्ये हा पर्याय असतो. त्यात प्रत्येक रंगाचा एक नमुना छापून येतो.

• नमुन्यात मध्येमध्ये रेघा गायब असतील, तर हेड चोक आहे.
• नमुना पूर्ण आहे पण अक्षरं डबल दिसतात, तर अलाइनमेंट बिघडलं आहे. क्लीनिंगचा उपयोग नाही.
• नमुना ठीक आहे पण प्रिंट फिकट येते, तर ड्राफ्ट मोड किंवा चुकीचा कागद निवडलेला असू शकतो.
• एखादा रंग अजिबातच नाही, तर आधी शाई शिल्लक आहे का ते बघा.

साफ कसं करायचं?

१. चार्जर लावा. क्लीनिंग सुरू असताना बॅटरी संपली तर हेड उघडंच राहतं.

२. एकदा हेड क्लीनिंग करा आणि पुन्हा नोझल चेक घ्या. सुधारणा दिसली तर आणखी एकदा करा.

३. दोन-तीन वेळा करूनही फरक नसेल तर थांबा. प्रिंटर बटणाने बंद करून रात्रभर ठेवा. कॅपखालच्या ओलाव्याने सुकलेली शाई बऱ्याचदा मऊ होते. सकाळी पुन्हा एकदा क्लीनिंग करा.

४. तरीही जमलं नाही तर प्रिंटरचा प्रकार बघा. काही प्रिंटरमध्ये हेड कार्ट्रिजवरच असतं. असं कार्ट्रिज काढून डिस्टिल्ड वॉटरने ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडावर नोझलची बाजू मिनिटभर हलकेच टेकवा. कापडावर प्रत्येक रंगाचा ठसा उमटला म्हणजे शाई सुटली. घासू नका आणि तांब्याच्या पट्ट्यांना हात लावू नका. एवढं करूनही रेघा गेल्या नाहीत तर नवीन कार्ट्रिजसोबत नवीन हेडही मिळतं.

५. हेड प्रिंटरमध्येच बसवलेलं असेल आणि वॉरंटी चालू असेल, तर उघडाउघडी न करता सर्व्हिस सेंटर गाठा. दुरुस्ती करण्याआधी खर्च विचारा आणि नव्या प्रिंटरच्या किमतीशी ताडून बघा.

डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात किंवा गॅरेजमध्ये मिळतं. मात्र बॅटरीचं ॲसिड नव्हे, पाणीच मागा. बोअरचं पाणी वापरू नका. त्यातले क्षार वाळले की नोझल आणखी बंद होतात. टाचणी, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर किंवा उकळतं पाणी वापरणं म्हणजे चालू शकणारं हेड कायमचं घालवणं.

सारखं क्लीनिंग केल्याने काय बिघडतं?

क्लीनिंगमध्ये पंप नोझलमधून शाई ओढून काढतो. ही शाई प्रिंटरच्या तळाशी असलेल्या स्पंजमध्ये किंवा वेगळ्या डब्यात जमा होते. तो भरल्याचा हिशोब प्रिंटर ठेवतो आणि मर्यादा संपली की छपाई थांबवतो. काही मॉडेलमध्ये हा डबा आपल्याला बदलता येतो, काहींमध्ये सर्व्हिस सेंटरला जावं लागतं. म्हणजे दहा वेळा क्लीनिंग केलं की शाईही जाते आणि प्रिंटरचं आयुष्यही कमी होतं.

स्वस्त रिफिल करतानाही जपा. शाई डाय आणि पिगमेंट अशा दोन प्रकारची असते. डाय पूर्ण विरघळलेला रंग असतो, तर पिगमेंटमध्ये रंगाचे सूक्ष्म कण असतात. एकाच्या जागी दुसरी भरली किंवा दोन्ही मिसळल्या तर गुठळ्या होऊ शकतात.

मालाच्या पोत्यांवर, पाकिटांवर तारीख आणि बॅच नंबर छापणाऱ्या हातातल्या छोट्या मशीनचं गणित वेगळं आहे. त्यांत अनेकदा झटपट वाळणारी सॉल्व्हंट शाई असते. तिथे पाणी लावू नका. कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने नोझल टिपा आणि काम थांबलं की लगेच कार्ट्रिजचं झाकण लावा.

चोक होऊच नये म्हणून

• प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा.
• छपाई चालू असताना लाईट गेली तर ती आल्यावर प्रिंटर एकदा सुरू करून बटणाने नीट बंद करा.
• आठवड्यातून एकदा सगळे रंग असलेलं एक पान छापा.
• कार्ट्रिज काढून उघडं ठेवू नका.
• उन्हातल्या गाडीत प्रिंटर ठेवू नका. नेताना तो बॅगेत, सपाट ठेवा.

आणि महिन्यातून दोन-चारच पानं, तीही काळी-पांढरी लागत असतील, तर इंकजेट घेण्याआधी लेझर प्रिंटरचा विचार करा. लेझरमध्ये कोरडी पावडर असते, ती वाळण्याचा प्रश्न नाही. एसटी कंडक्टरचं तिकीट मशीनही भर उन्हात चालतं, कारण त्यात शाईच नसते, कागदच उष्णतेने काळा होतो. पण रंगीत फोटो आणि दाखले छापायचे असतील तर गाठ इंकजेटशीच आहे. शिबिराला निघायच्या आदल्या रात्री एक नोझल चेक घेतला, तर सकाळी लोकांना रांगेत ताटकळत उभं राहावं लागणार नाही.