लहान ट्रॅक्टरवरील कामाचे दिवे आणि ‘अर्थ’ ही संज्ञा

नाशिक भागातील द्राक्षबागांत फवारणी पुष्कळदा वारा पडल्यावर, म्हणजे सायंकाळनंतर, केली जाते. अशा वेळी ओळींमधून फिरणाऱ्या लहान ट्रॅक्टरचे मूळचे पुढील दिवे पुरे पडत नाहीत. मागे जोडलेल्या यंत्रावर उजेड पाडणारे कामाचे दिवे वेगळे बसवावे लागतात. ते बसविणाऱ्या मेकॅनिकच्या बोलण्यात ‘अर्थ’ हा शब्द वारंवार येतो. हा शब्द इंग्रजीतून आलेला असून मराठीतील ‘अर्थ’ या तत्सम शब्दाशी त्याचे केवळ उच्चारसाम्य आहे. या संज्ञेचे आकलन चुकले तर दिव्यांची जोडणीही कशी चुकते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

प्रथम जोडणीचे स्वरूप पाहू. ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची असते. ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे लावल्यास एकूण ११० वॅटसाठी सुमारे ९.२ अँपिअर प्रवाह लागतो. हा प्रवाह बॅटरीच्या धन टोकापासून निघतो, लगतच्या १५ अँपिअरच्या फ्यूजमधून रिलेकडे जातो आणि तेथून २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरने दिव्यांपर्यंत पोचतो. फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठी असतो, ही समजूत बरोबर नाही. तो वायरच्या रक्षणासाठी असतो, आणि म्हणूनच तो दिव्याजवळ न बसविता बॅटरीजवळ बसवितात. रिलेमुळे चालकाजवळच्या स्विचमधून अल्पसा प्रवाह जातो. मोठा भार रिले वाहतो. दिवे चालकामागील संरक्षक कमानीवर बसवावयाचे असल्यास ते पट्टीने आवळावेत. कमानीला भोके पाडल्यास तिची ताकद कमी होते.

येथपर्यंतचा मार्ग वायरमुळे डोळ्यांना दिसतो. परतीचा मार्ग मात्र दिसत नाही. दिव्याची दुसरी वायर जवळच्याच एखाद्या बोल्टखाली दाबली जाते, आणि तेथून प्रवाह ट्रॅक्टरच्या लोखंडी सांगाड्यातून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परततो. या दुसऱ्या वायरच्या जोडणीलाच कारखान्यात ‘अर्थ देणे’ किंवा ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. वस्तुतः येथे जमिनीचा काहीही संबंध नाही. ट्रॅक्टर रबरी टायरांवर उभा असतो, आणि जमिनीशी त्याचा विद्युत्संबंध आला नाही तरी दिवे लागतात.

मग ही संज्ञा आली कोठून? तिचा इतिहास उद्‌बोधक आहे. जर्मन शास्त्रज्ञ श्टाइनहाइल यांनी १८३८ मध्ये तारायंत्रासाठी परतीच्या तारेऐवजी जमिनीचाच उपयोग करता येतो, असे दाखवून दिले. तेथे ‘अर्थ’ म्हणजे खरोखरच जमीन, आणि तिचे कार्य प्रवाह परत नेण्याचे. पुढे घरगुती वीजपुरवठ्यात जमीन कायम राहिली, पण कार्य पालटले: घरातील अर्थ-वायरमधून एरवी उपयुक्त प्रवाह वाहत नाही, बिघाड झाल्यास तो सुरक्षितपणे निघून जावा, एवढ्यासाठी ती असते. परतीचे काम तेथे न्यूट्रल करते. मोटारी व ट्रॅक्टर यांत नेमके उलट घडले: जमीन गेली आणि परतीचे कार्य तेवढे उरले. तात्पर्य, एकाच शब्दाने तीन व्यवस्थांत तीन भिन्न संबंध दर्शविले जातात.

घरगुती वायरिंगच्या परिचयामुळे ‘अर्थ’ म्हणजे केवळ खबरदारीची वायर, अशी समजूत दृढ झालेली असते. ती घेऊन कोणी ट्रॅक्टरवर काम करू लागला, तर रंगावर किंवा गंजावरच बोल्ट आवळून तो मोकळा होतो. अशा सांध्याचा रोध केवळ ०.१ ओहम असला, तरी ९.२ अँपिअर प्रवाहाला तेथे सुमारे ०.९ व्होल्ट दाब गमवावा लागतो आणि सांध्यात सुमारे ८ वॅट उष्णता निर्माण होते. हॅलोजन दिव्याचा दाब एवढा घटला की प्रकाश जवळजवळ एक चतुर्थांशाने कमी होतो. मग दोष दिव्याला दिला जातो आणि अधिक वॅटचा दिवा आणला जातो. त्यामुळे प्रवाह वाढतो व सांधा अधिकच तापतो. इंजिन आणि सांगाडा यांमधील जाड जोडणी सैल असेल, तर परिणाम याहून गंभीर होतो: स्टार्टरचा प्रचंड प्रवाह ॲक्सिलरेटरच्या केबलसारख्या भलत्याच मार्गाने परतू पाहतो आणि ती केबल तापते. लोखंड उघडे पडेपर्यंत घासणे, दातेरी वॉशर घालणे आणि वर ग्रीस लावणे, एवढीच काळजी येथे पुरेशी असते. पण ती घेण्याची निकड परतीचा मार्ग ओळखल्यावाचून जाणवत नाही.

माहितीपुस्तिकांच्या भाषांतरकारांपुढे येथे खरा प्रश्न उभा राहतो. शालेय विज्ञानातील ‘भूसंपर्क’ ही संज्ञा घरगुती वायरिंगसाठी योग्यच आहे. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत तीच योजली, तर शब्द शुद्ध मराठी होतो, पण विधान असत्य होते. त्यापेक्षा कारखान्यातील ‘बॉडी अर्थ’ हा मिश्र शब्द अधिक यथार्थ होय. कारण त्याचे पूर्वपद प्रवाह कशातून परततो ते सांगते.

हाच विवेक बॅटरीविषयीच्या सूचनेलाही लागू पडतो. ‘निगेटिव्ह आधी काढावे’ ही सूचना आजच्या बहुतेक ट्रॅक्टरांना लागू आहे. परंतु १९४६ ते १९५६ या काळात तयार झालेल्या फर्ग्युसन टी.ई. २० ट्रॅक्टरमध्ये बॉडीला धन टोक जोडलेले असे. अशा ट्रॅक्टरवर ती सूचना पाळल्यास पाना बॉडीला टेकून ठिणगी उडण्याचा धोका उद्‌भवतो. याउलट ‘बॉडीला जोडलेले टोक आधी काढावे व शेवटी लावावे’ असे म्हटले, तर सूचना दोन्ही प्रकारांना लागू पडते, आणि तिचे कारणही तिच्यातच व्यक्त होते: ते टोक सुटले की पाना बॉडीला टेकला तरी मंडल पूर्ण होत नाही.

परिभाषेची चर्चा बहुधा शब्द देशी असावा की परकी, याच प्रश्नापाशी थांबते. ट्रॅक्टरच्या दिव्यांचे उदाहरण त्याच्या आधीचा प्रश्न पुढे आणते: संज्ञा वस्तूचे नाव सांगते की तिचे कार्य? अंधाऱ्या बागेत फवारणी करणाऱ्याच्या दृष्टीने, त्याचा दिवा लागेल की त्याची वायर जळेल, हे पुष्कळ अंशी या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.