नांदेडच्या आडनावात 'वार' आणि 'वाड' कुठून आलं?

मुंबईत विक्रोळीला कन्नमवार नगर आहे. तिथं राहणाऱ्या कित्येकांना माहीत नसतं की हे कन्नमवार कोण. तर हे मारोतराव कन्नमवार, महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले तेव्हा नोव्हेंबर १९६२ मध्ये ते मुख्यमंत्री झाले आणि जेमतेम वर्षभरानं पदावर असतानाच त्यांचं निधन झालं. गडी चंद्रपूरचा.

आता अजून तीन नावं घ्या. सुधीर मुनगंटीवार, विजय वडेट्टीवार, मदन येरावार. पहिले दोन चंद्रपूरच्या राजकारणातले, तिसरे यवतमाळचे. आणि नांदेडच्या वजिराबादमधून एक चक्कर मारली, दुकानांच्या पाट्या वाचल्या, की गादेवार, मामीडवार, कोंडावार, चिंतावार अशी आडनावं दिसायला लागतात. देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवटला गेलात तर आणखी.

पण साताऱ्यात, रत्नागिरीत किंवा नाशिकमध्ये मूळच्या घरांत हे 'वार' सापडत नाही. मग या एका पट्ट्यातच ते का? आणि या 'वार'चा अर्थ तरी काय?

सोमवार-मंगळवारचा वार नाही

हा 'वार' मराठी नाही, तेलुगू आहे.

तेलुगूत 'वारु' म्हणजे 'ते'. आपण मोठ्या माणसाबद्दल बोलताना 'ते आले' म्हणतो, तसं आदराचं 'ते'. घराण्याच्या नावापुढे 'वारु' लावलं की अर्थ होतो 'अमक्यांच्या घरचे'. आपण म्हणतो ना, 'देशमुखांकडचे आलेत', 'जोश्यांच्यातली मुलगी आहे', अगदी तसंच.

तेलुगू माणसाचं एक घराण्याचं नाव असतं. त्याला 'इंटिपेरु' म्हणतात. इल्लु म्हणजे घर, पेरु म्हणजे नाव. गंमत अशी की हे नाव शेवटी नाही, सुरुवातीला येतं. माजी पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव यांच्या नावातला 'पी' म्हणजे पामुलपर्ती. हे त्यांचं इंटिपेरु. एन. टी. रामाराव यांच्यातला 'एन' म्हणजे नंदमूरी.

मराठी मुलखात मात्र हिशोब उलटा. आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. त्यामुळे तेलुगू घराणी इकडे रुळली तेव्हा घराचं नाव मागं गेलं आणि लोक ज्या पद्धतीनं हाक मारायचे तो 'वारु' त्याला चिकटला. शेवटचा 'उ' मराठी तोंडात टिकला नाही. 'वारु'चं 'वार' झालं. नरसिंह राव धर्माबादला वाढले असते, तर कदाचित त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर 'पामुलपर्तीवार' लिहिलं गेलं असतं.

चिंतावारांना कसली चिंता?

'वार' बाजूला काढला की उरलेला शब्द तेलुगूत वाचून बघायचा. मग आडनावं बोलायला लागतात.

चिंतावार ऐकून मराठी माणसाला वाटतं, या घराला फार काळजी असणार. पण तेलुगूत 'चिंत' म्हणजे चिंच. 'मामिडी' म्हणजे आंबा, त्यावरून मामीडवार. 'कोंड' म्हणजे डोंगर, त्यावरून कोंडावार. 'गादे' म्हणजे धान्य साठवायची कणगी, तिथं गादेवार. 'कोत्त' म्हणजे नवं, 'बोम्म' म्हणजे बाहुली किंवा मूर्ती.

मराठीतही आंबेकर, चिंचोलीकर, डोंगरे, कोठारी आहेतच की. माणसानं नाव कशावरून घ्यायचं याची पद्धत दोन्ही भाषांत सारखीच आहे. झाड, डोंगर, धान्य, गाव. फक्त शब्द वेगळे.

'वार' न लावलेली तेलुगू वळणाची आडनावंही आहेत. मराठीतले मोठे लेखक नागनाथ कोत्तापल्ले यांचा जन्म नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडचा. २०१३ च्या चिपळूण साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. कोत्त म्हणजे नवं आणि पल्ले म्हणजे गाव. म्हणजे मराठीत सांगायचं तर 'नवेगाव'.

मग 'वाड' कुठून आलं?

नांदेड जिल्ह्यात फिरताना दुसरा एक शेवटही सारखा कानावर येतो. बोईनवाड, तोटावाड, दासरवाड. 'तोट' म्हणजे तेलुगूत बाग, हा शब्द ओळखू येतो. पण शेवट 'वार' नाही, 'वाड' आहे.

तेलुगूत 'वारु'चा एक भाऊ आहे, 'वाडु'. दोन्हींचा अर्थ 'तो'च. फरक आदराचा. 'वारु' म्हणजे 'ते', मान देऊन. 'वाडु' म्हणजे 'तो', एकेरी. मालकाला, वडीलधाऱ्याला, प्रतिष्ठिताला वारु. धाकट्याला, गड्याला, राबणाऱ्याला वाडु. आपल्याकडे 'अहो' आणि 'अरे' यांत जेवढं अंतर, तेवढंच. आडनावातला 'वाड' या वाडुशी जुळतो.

म्हणजे दोन शेजाऱ्यांच्या आडनावांच्या शेवटी एका अक्षराचा फरक दिसतो, आणि त्या अक्षरात कधीकाळी गाव कुणाला अहो म्हणायचं आणि कुणाला अरे, हे गोठून बसलेलं असतं. आज ही आडनावं घेणाऱ्या मराठी माणसाला त्यातला मान किंवा अपमान ऐकूच येत नाही. तेलुगू मागं पडली, शेवट तेवढा राहिला.

पण यावरून 'वार म्हणजे अमुक जात, वाड म्हणजे तमुक जात' असा शॉर्टकट मारता येत नाही. 'वार' आडनावं व्यापारी कोमटी म्हणजे आर्यवैश्य समाजात भरपूर आहेत हे खरं. पण ती इतर अनेक समाजांतही आहेत. आणि एकाच भावकीत एकाच्या कागदावर 'वार' आणि दुसऱ्याच्या कागदावर 'वाड' असंही आढळतं.

नकाशा आजचा नाही, १९५६ च्या आधीचा

ही आडनावं नकाशावर मांडली तर एक पट्टा तयार होतो. गडचिरोलीतल्या सिरोंचापासून चंद्रपूर, यवतमाळचा दक्षिण भाग, किनवट, भोकर, धर्माबाद, बिलोली, देगलूर आणि खाली लातूर जिल्ह्यातलं उदगीर. महाराष्ट्र-तेलंगणा सीमेला लागून जाणारा हा पट्टा.

पण ही सीमा फार जुनी नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आजचा सगळा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता, त्यानंतरही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच राहिला. नांदेड आणि निजामाबाद हे एकाच राज्यातले शेजारी जिल्हे. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषेनुसार राज्यं झाली तेव्हा जिल्ह्यांचे अक्षरशः तुकडे पाडावे लागले.

नांदेड जिल्ह्याचा मुधोळ-भैंसा भाग आंध्र प्रदेशात गेला. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळंही तिकडे गेली. उलट किनवट तालुका तोवर आदिलाबाद जिल्ह्यात होता, तो इकडे आला. आज लातूर जिल्ह्यात असलेले उदगीर, निलंगा आणि अहमदपूर तेव्हा बिदर जिल्ह्यात होते. लातूर जिल्हा तर १९८२ साली झाला.

म्हणजे १९५० साली किनवटमध्ये जन्मलेल्या माणसाचा जिल्हा आदिलाबाद होता आणि सहा वर्षांनी तो नांदेडचा झाला. माणूस जागचा हलला नाही, रेघ हलली.

रेघ ओढली म्हणून व्यवहार थांबला नाही. मनमाडहून नांदेड, धर्माबाद, बासर, निजामाबाद करत हैदराबादला जाणारी रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली, ती आजही या भागाची मुख्य वाट आहे. नांदेडचा रेल्वे विभाग सिकंदराबादच्या दक्षिण मध्य रेल्वेत येतो. नांदेडकर आजही पोराला पहिलं अक्षर गिरवायला गोदाकाठच्या बासरच्या सरस्वतीकडे नेतात. सोयरिकी तर दोन्हीकडे आहेतच.

लातूरकडे सरकलं की चित्र बदलतं

उदगीर सोडून पश्चिमेला निघालं की 'वार' विरळ होतो. तिथं शेजार कानडीचा. त्यामुळे बिरादार, मठपती, स्वामी ही आडनावं वाढतात. आणि 'कर' जोरात येतो.

लातूरच्या राजकारणात बघा. माजी मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर, माजी लोकसभा अध्यक्ष शिवराज पाटील चाकूरकर. इथं पाटील हे काम आणि निलंगा, चाकूर ही गावं. पाटील घरटी असल्यावर 'कुठले पाटील' हे सांगायला गाव लागतंच. नांदेडला पीपल्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेले विचारवंत नरहर कुरुंदकर हे आजच्या हिंगोली जिल्ह्यातल्या कुरुंद्याचे. मूर्तिशास्त्राचे अभ्यासक गो. बं. देगलूरकर यांच्या नावात थेट देगलूर.

'कर' सांगतो गाव कुठलं. 'वार' सांगतो घर कुणाचं. देगलूरसारख्या गावात दोन्ही पद्धती शेजारीशेजारी नांदतात.

आता कुणी म्हणेल, महाराष्ट्रात तेलुगू लोक तर सोलापुरातही खूप आहेत. बरोबर. पण तिथल्या पद्मशाली विणकरांची आडनावं ऐका. माजी आमदार नरसय्या आडम, कवी लक्ष्मीनारायण बोल्ली. 'वार' नाही. माग आणि गिरण्यांच्या कामासाठी तेलंगणातून आलेल्या या लोकांचं घराचं नाव तसंच्या तसं आडनाव झालं. तेलंगणातही कुणी स्वतःचं आडनाव सहसा 'वार' लावून लिहीत नाही. म्हणजे 'वार' हा शब्द तेलुगू, पण त्याचं आडनाव करायची सवय या सीमापट्ट्याची. दोन भाषा एकाच आळीत राहिल्या, तिथंच ती तयार झाली.

एका अक्षरावर प्रमाणपत्र अडतं तेव्हा

इथपर्यंत सगळं मजेशीर वाटेल. पण नांदेडमधल्या हजारो घरांसाठी हा मजेचा विषय नाही.

महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत कोलाम यांच्यासोबत 'मन्नेरवारलू' अशी नोंद आहे. दुसरीकडे 'मुन्नूरवार' नावाचा समाज आहे, तो वेगळ्या यादीत. ऐकायला दोन्ही जवळजवळ सारखे. अर्थ मात्र वेगळे. 'मन्नेम' म्हणजे डोंगराळ रानमुलूख आणि 'वारलू' म्हणजे लोक, म्हणजे रानमुलखातले लोक. 'मुन्नूरु' म्हणजे तीनशे.

जात पडताळणीत जुन्या कागदांना वजन असतं, आणि स्वातंत्र्यापूर्वीच्या कागदांना सगळ्यात जास्त. मराठवाड्यातले निजामकाळातले बरेच कागद उर्दूत आहेत. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. त्यात 'र' आणि 'ड़' यांचं मूळ अक्षर एकच, फरक वरच्या एका छोट्या खुणेचा. घाईत लिहिणाऱ्या कारकुनानं ती खूण सोडली की 'वार' आणि 'वाड' एकच दिसतात. पुढं कुणी तो कागद मोडीत उतरवतो, कुणी देवनागरीत, शाळेत गुरुजी ऐकू येईल तसं लिहितात. तीन पिढ्यांत एकाच घराची मन्नेरवार, मन्नेवार, मुनूरवार अशी रूपं तयार होतात.

मग प्रवेशाच्या वेळी पोरगं समितीपुढं उभं राहतं आणि प्रश्न येतो, आजोबांच्या कागदावर वेगळं का? मन्नेरवारलूच्या दाव्यांवरून नांदेड भागातली कितीतरी प्रकरणं उच्च न्यायालयापर्यंत गेली आहेत. काही दावे टिकले, काही फेटाळले गेले. त्यात खोटे दावे करणारेही होते आणि खऱ्या जमातीतलेही अडकले. आडनाव सारखं असणं हा जातीचा पुरावा नाही आणि वेगळं असणं हा खोटेपणाचाही पुरावा नाही. शेवटी बघावी लागते ती नोंदींची सलग साखळी.

त्यामुळे घरात जुने दाखले, खासरा पत्रकं, खरेदीखतं पडून असतील तर ती जपून ठेवा. आजोबा-आजी असतील तर आडनाव आधी कसं म्हणायचे, 'इंटिपेरु' काय होतं, हे विचारून लिहून ठेवा. कागदावर एका अक्षराचा फरक दिसला तर तो प्रवेशाच्या आदल्या दिवशी नाही, आत्ताच बघा.

आणि हो, प्रत्येक 'वार' तेलुगू नसतो. पवार हे परमारांवरून आलेलं नाव, त्याचा इथं काही संबंध नाही. तलवार हे आडनाव पंजाबातलं.

काही वर्षांपूर्वी धर्माबाद तालुक्यातल्या काही गावांनी, सोयी मिळत नाहीत म्हणून तेलंगणात जायची मागणी केली होती. तेव्हा सोशल मीडियावर 'हे मूळचे तिकडचेच' अशा कमेंट आल्या की 'वार' आडनावाच्या माणसाला उत्तर देणं अवघड जातं. खरं तर उत्तर सोपं आहे. त्याचं घर जिथं होतं तिथंच आहे. मराठी त्याची आहे, आडनावातली चिंच आणि आंबाही त्याचाच आहे.