फोटोत दिसते, वहीत नाही : उसाच्या फडातली बाई

बारामती/इंदापूर : दिवाळी सरली की माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडीच्या कारखान्यांकडे ऊसतोड टोळ्या यायला लागतात. बीड, अहिल्यानगरकडची जोडपी रानात खोपी टाकतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायकोची मिळून नोंद होते 'एक कोयता'. माणसं दोन, पण कोयता एकच. उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडते. बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, त्या डोक्यावरून वाहून गाडीत चढवते. तिच्या वाट्याची मजुरी मात्र वेगळी कुठं लिहिलेली नसते.

वहीत न येणारं हे काम फोटोत आणता येतं. बाईच्या हक्कासाठी कॅमेऱ्याचा असा वापर आपल्याकडे झालेला आहे.

बसस्टँडवरचं प्रदर्शन

पत्रकार पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत फिरून खेड्यातल्या कष्टकरी बायकांचे फोटो काढले. 'काम दिसतं, बाई दिसत नाही' अशा अर्थाचं नाव त्यांनी प्रदर्शनाला दिलं. बसस्टँड, रेल्वे स्टेशन, कारखान्याचं गेट, मजुरांचे मेळावे, शाळा-कॉलेज अशा ठिकाणी ते लावलं गेलं आणि सात लाखांहून जास्त लोकांनी पाहिलं. आता ते 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात आहे.

त्यातला एक फोटो बघण्यासारखा आहे. शेतमालक ताठ उभा आहे आणि मागं बायकांची रांग कंबरेत वाकून लावणी करतेय. मालकानं सांगितलं, दिवसाला ४० रुपये देतो. बायकांनी नंतर सांगितलं, हातात २५ च पडतात. नुसत्या फोटोतून हे कळलं नसतं. खाली दोघांचंही म्हणणं लिहिलं, म्हणून तो फोटो पुरावा झाला.

बायकांच्याच हातात कॅमेरा

दुसरी पद्धत 'फोटोव्हॉइस'. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चीनच्या युनान प्रांतात कॅरोलिन वँग आणि मेरी अॅन बरिस यांनी खेड्यातल्या ६२ बायकांना कॅमेरे दिले. बायकांनी स्वतःच्या रोजच्या आयुष्याचे फोटो काढले, एकत्र बसून त्यावर बोलल्या आणि मग ते अधिकाऱ्यांपुढं ठेवले. बाई शेतात राबते तेव्हा लेकरू कुणाजवळ ठेवायचं, बाळंतपणाला मदत कोण करणार, मुलींच्या शाळेचं काय, हे प्रश्न त्यातून पुढं आले. आपल्याकडच्या फडाच्या बांधावरही पाचटावर निजवलेलं लेकरू दिसतंच.

न दिसणारं दुखणं

राज्य सरकारनं २०१९ मध्ये नेमलेल्या नीलम गोऱ्हे समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पाळीत किंवा दुखण्यात काम चुकलं तर खाडा, म्हणजे पैसे कापले जाणार, ही भीती त्यामागचं एक कारण. ऑपरेशन झालेली बाई फोटोत वेगळी ओळखू येत नाही. पण डोक्यावर मोळी घेऊन शिडीवर चढणारी बाई, खोपीजवळ नसलेला संडास, लांबून आणलेला पाण्याचा हंडा, हे सगळं फोटोत येतं. शरीराची हेळसांड याच गोष्टींतून होते.

फोटो काढताना

आता मोबाईल हरेकाच्या खिशात आहे. म्हणूनच काही गोष्टी पाळायला हव्यात.

- आधी बाईला विचारा. नवऱ्यानं किंवा मुकादमानं 'काढा की' म्हटलं, म्हणजे तिची परवानगी मिळाली असं होत नाही.
- फोटो कशासाठी आणि कुठं जाणार, ते तिला समजेल असं सांगा. चेहरा किंवा नाव नको म्हणाली तर देऊ नका. टोळीला पुढच्या वर्षीही त्याच मुकादमाकडं जायचं असतं.
- फोटोखाली काम, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत आणि मजुरी किती, हे तिला विचारून लिहा.
- खोपीतल्या बाईला उघड्यावर, नुसत्या आडोशाला आंघोळ करावी लागते. बाईच्या अशा खासगी क्षणाचा चोरून फोटो काढणं किंवा पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार गुन्हा आहे. पहिल्यांदाच सापडला तरी एक ते तीन वर्षं कैद होऊ शकते.

एक साधा फोटो

ओळखपत्रावरचा छोटा फोटोही हक्काचाच असतो. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कामगारांची नोंदणी करून ओळखपत्रं देण्याचं काम ठरलेलं आहे. तिथं जोडप्याची एकत्र नोंद न होता बाईचं स्वतःचं नाव आणि स्वतःचा फोटो आहे ना, हे ग्रामसेवकाकडं विचारून घ्यावं. कोयता एक धरला तरी कामगार दोन आहेत, हे निदान त्या कार्डावर दिसेल.

उन्हाळा लागला की पट्टा पडतो आणि टोळ्या गावाकडं परततात. त्याआधी काढलेल्या फोटोची एक प्रिंट त्या बाईच्या हातात द्यायला विसरू नका.