मुलूखमैदान तोफ आणि उसने शब्द : क्रोएशियन, तुर्की व मराठी यांचा तौलनिक विचार

प्रस्तावना

महाविद्यालयीन वर्गात भाषाकुळांचा परिचय करून देताना एक गैरसमज वारंवार आढळतो. दोन भाषांत समान शब्द पुष्कळ दिसले की त्या एकाच कुळातील असाव्यात, असे विद्यार्थी गृहीत धरतात. मराठीतील बाजार, दुकान, साबण हे शब्द दाखवून मराठीचे मूळ फारसीत शोधणारा विद्यार्थी आणि हेच शब्द 'परके' म्हणून हद्दपार करू पाहणारा भाषाभिमानी, दोघेही शब्दसंग्रहालाच भाषा समजत असतात. क्रोएशियन व तुर्की या दोन भाषांची तुलना या संदर्भात बोधप्रद ठरते. कारण त्यांच्यातील नाते मराठी-फारसी संपर्काशी विलक्षण जुळते. त्यातील एक दुवा तर थेट अहमदनगरच्या, म्हणजे २०२४ मध्ये अहिल्यानगर असे नामांतर झालेल्या शहराच्या इतिहासात सापडतो.

नगरची तोफ

विजापूरच्या तटावर आज असलेली 'मुलूखमैदान' ही तोफ इ. स. १५४९ मध्ये, पहिल्या बुऱ्हाण निजामशहाच्या कारकिर्दीत, अहमदनगर येथे ओतली गेली. सुमारे ५५ टन वजनाची ही पंचधातूसदृश तोफ घडविणारा कारागीर 'रूमी', म्हणजे उस्मानी तुर्कांच्या मुलखातून आलेला होता. पुढे ती परिंड्याच्या किल्ल्यावर आणि तेथून १६३२ मध्ये विजापुरास गेली. तिच्याबरोबर नांदणारा 'तोफ' हा शब्दही मूळचा तुर्की 'तोप'. तो मराठीत फारसीमार्गे आला. त्याच शतकात उस्मानी सैन्य मध्य युरोपात शिरले होते. १५२६ च्या मोहाचच्या लढाईनंतर क्रोएशियाचे मोठे भूभाग दीर्घकाळ तुर्की अमलाखाली राहिले आणि क्रोएशियन भाषेतही तोफेला 'तोप' हाच शब्द रुळला. दारूगोळ्यातील दारूसाठी तिकडे 'बारुत' शब्द आहे; आपल्याकडील 'बारूद' त्याचा सहोदर.

कुळ एक, घडण दुसरी

क्रोएशियन ही स्लाव्ह शाखेतील, म्हणून इंडो-युरोपीय भाषा. तुर्की या कुळाबाहेरची. क्रोएशियनचे खरे आप्त शोधायचे तर ते तुर्कीपेक्षा मराठीकडे अधिक सापडतात. क्रोएशियन 'द्वा, त्री, देसेत' म्हणजे दोन, तीन, दहा. तुर्कीत मात्र 'इकी, उच, ओन'. नात्याचे शब्द याहून बोलके आहेत. क्रोएशियनमध्ये सून म्हणजे 'स्नाहा' (संस्कृत स्नुषा), सासरा 'स्वेकार' (श्वशुर), दीर 'द्येवेर' (देवृ). तुर्की 'गेलिन' या शब्दाचा सुनेशी ध्वनिदृष्ट्या काहीच संबंध नाही. लिंगव्यवस्थाही हेच सांगते. मराठीच्या तो-ती-ते यांसाठी क्रोएशियनमध्ये 'ओन-ओना-ओनो' आहेत, तर तुर्की एका 'ओ' मध्ये तिघांचे भागवते. 'मूल' मराठीत नपुंसकलिंगी आहे, तसेच क्रोएशियन 'दियेते' हेही!

वाक्यरचनेत मात्र चित्र उलटते. 'आमच्या घरांमध्ये' यास तुर्की 'एव्लेरिमिझदे' म्हणते : एव (घर), लेर (अनेकवचन), इमिझ (आमचे), दे (मध्ये). क्रोएशियन 'उ नाशिम कुचामा' म्हणते. येथे 'मध्ये' अर्थाचा 'उ' नामाच्या आधी येतो. स्थानवाचक घटक नामानंतर ठेवणे आणि क्रियापद वाक्याच्या शेवटी आणणे या बाबतींत मराठी तुर्कीच्या जवळ आहे. जन्माने एकीकडे व ठेवणीने दुसरीकडे, अशी ही मराठीची स्थिती वर्गात सांगण्याजोगी आहे.

उसना शब्द घरचा कसा होतो

आगंतुक शब्द भाषेची घडण बदलतो, की घडणच त्याला बदलते, हा कळीचा प्रश्न. तुर्की शब्दांना लिंग नसते. क्रोएशियनमध्ये लिंगाविना नाम चालत नाही. म्हणून व्यंजनान्त 'तोप' पुल्लिंगी झाला. पायमोज्यासाठीच्या 'चोराप' ला शेवटी 'आ' जोडून स्त्रीलिंगी 'चारापा', तर डबीसाठीच्या 'कुतू' चे 'कुतिया' झाले. मराठीने हेच केले, पण शब्दान्ताकडे न पाहता. बाजार पुल्लिंगी, तोफ स्त्रीलिंगी, दुकान नपुंसकलिंगी. मग तोफा, तोफेने, दुकाने, दुकानात ही सारी रूपे मराठीच्याच नियमांनी सिद्ध झाली. फारसी व्याकरणाचा त्यांत लवलेश नाही.

प्रत्यय उसने घेणे हे अधिक खोलवरचे देणेघेणे. तुर्की 'जी/ची' हा कर्तृवाचक प्रत्यय मराठीत 'मशालची' सारख्या शब्दांत दिसतो, तर क्रोएशियनमध्ये 'जिया' होऊन तो देशी शब्दांनाही चिकटला. 'गोवोर' (भाषण) पासून बोलघेवड्यासाठी 'गोवोरजिया'. आपल्याकडे 'पाणीदार' आणि 'भांडखोर' यांनी असाच संसार थाटला आहे.

राज्यकर्त्यांचे शब्द, प्रजेचे अर्थ

सत्तेच्या संपर्कातून आलेल्या शब्दांवर त्या सत्तेचा अनुभव उमटतो. क्रोएशियन 'झुलुम' म्हणजे जुलूम, 'दुशमानिन' म्हणजे दुश्मन, 'मेगदान' म्हणजे रणमैदान, आणि 'राया' म्हणजे रयत. कर भरणारी प्रजा या अर्थाचा हा शब्द तिकडे बव्हंशी हीनत्वाची छटा घेऊन राहिला. मराठीत मात्र 'रयतेचे राज्य' या प्रयोगाने त्याला प्रतिष्ठा दिली. मूळ अरबी शब्द एकच; भाग्य भिन्न.

प्रवास एकेरी नसतो, हेही ध्यानात घ्यावे. क्रोएशियन 'शेचेर' तुर्की 'शेकेर' वरून आला, तो फारसी 'शकर' वरून, आणि ती भारतीय 'शर्करे' पासून. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याने ज्या साखरेसाठी नाव मिळवले, त्या साखरेचे नाव झाग्रेबच्या दुकानात तुर्की वेषात भेटते.

शुद्धीचे प्रयत्न तिन्ही भाषांत झाले. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले आणि मुजुमदाराचा अमात्य झाला. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. तुर्कस्तानात १९३२ मध्ये स्थापन झालेल्या भाषासंस्थेच्या प्रयत्नांत अरबी 'मेक्तेप' जाऊन शाळेला 'ओकुल' आले. १९९१ च्या स्वातंत्र्यानंतर क्रोएशियातही शुद्धीचा आग्रह वाढला, पण त्याचा मुख्य रोख सर्बियन वळणावर होता; चारापा, शेचेर, तोप जागेवरच राहिले. दरबारी व कार्यालयीन संज्ञा आदेशाने बदलतात, स्वयंपाकघरातल्या आणि बाजारातल्या सहसा बदलत नाहीत. मराठीनेही तोफ टाकली नाही. उलट फर्ड्या वक्त्याला ती आजही 'मुलूखमैदान तोफ' म्हणते.