दुकानापुढची पाणपोई

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून चढ चढून कान्हेरीची लेणी पाहायला तुम्ही कधी ना कधी गेला असाल. लेण्यांच्या कडेला खडकात खोदलेली पाण्याची टाकी तिथे जागोजाग दिसतात, आणि भिंतींवर ब्राह्मी लिपीतले लेख आहेत. त्यांपैकी एका लेखात कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. त्याने ते पुण्यासाठी दिले, गिऱ्हाइकासाठी नव्हे. पण गंमत अशी की, इतकी शतके लोटल्यावरही त्याचे गाव आणि त्याचा धंदा आपल्याला ठाऊक आहे. तो त्याच्या दागिन्यांमुळे नव्हे, तर त्याने दिलेल्या पाण्यामुळे!

तुम्ही म्हणाल, लहान धंद्याच्या संकेतस्थळाकडे लोक कसे वळवावेत हे सांगायला बसलात आणि लेण्यांत कुठे शिरलात? पण माझे सगळे सांगणे त्या टाक्यातच आहे.

आधी या गोष्टीची निकड किती आहे ते पाहू. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, कुठेही जा, जुन्या इमारती पुनर्विकासासाठी पाडल्या जात आहेत. तळमजल्यावर तीसतीस वर्षे बसलेला दुकानदार एक दिवस शटर ओढतो आणि दोन गल्ल्यांपलीकडे भाड्याच्या गाळ्यात जातो. जुने गिऱ्हाईक येते, पत्र्याचे कुंपण पाहते आणि परत जाते. अशा वेळी दुकानाचा न हलणारा पत्ता एकच उरतो, तो म्हणजे संकेतस्थळाचा. म्हणून ते नाव स्वतःच्याच नावावर नोंदवा, बनवून देणाऱ्याच्या नावावर नको. दरवर्षीचे नूतनीकरणही विसरू नका. २०१४ पासून तर ‘.भारत’ असा देवनागरी पत्ताही घेता येतो.

पण पत्ता घेतला म्हणजे लोक आले असे होत नाही. पुष्कळांची संकेतस्थळे आडगल्लीतल्या दुकानासारखी असतात. पाटी झकास, आत चिटपाखरू नाही. का? तर पानभर स्वतःचीच स्तुती. ‘आमची सेवा तत्पर, आमचा माल उत्तम.’ अहो, हे वाचायला कोण कशाला येईल? माणूस येतो तो स्वतःची अडचण घेऊन.

समजा, तुमचे अंधेरीत मिक्सर दुरुस्तीचे दुकान आहे. सकाळी चटणी वाटताना कुणाचा तरी मिक्सर बंद पडतो. ती बाई फोनवर तुमच्या दुकानाचे नाव शोधत नाही. ती लिहिते, ‘मिक्सर अचानक बंद पडला’. आता तुमच्या पानावर सरळ लिहा: पुष्कळ मिक्सरांच्या तळाशी एक लहान बटण असते. भार जास्त झाला की ते बाहेर येते आणि यंत्र थांबते. प्लग काढा, भांड्यातले जिन्नस कमी करा, यंत्र निवू द्या आणि मग ते बटण दाबा. तरीही चालू झाला नाही, किंवा जळका वास येत असेल, तर पुन्हा चालवू नका, आमच्याकडे घेऊन या.

दुकानदार म्हणेल, ‘वा! म्हणजे माझी दुरुस्तीची मजुरी मीच बुडवायची?’ हो, ती एक बुडेल. पण पुढच्या वेळी खरोखरच मोटर जळेल तेव्हा ती बाई तुमच्याकडेच येईल, आणि शेजारणीलाही पाठवील. ही झाली पाणपोई.

ही युक्ती काही आजची नव्हे. १९०० साली फ्रान्समधल्या मिशलँ या टायरवाल्यांनी मोटारवाल्यांना एक पुस्तिका फुकट वाटली. टायर कसा बदलावा, गाडी कुठे दुरुस्त होते, मुक्काम कुठे करावा, हे सारे तीत होते. लोकांचे फिरणे वाढले की टायर झिजणारच! आपल्याकडे १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढले. तारखा कुठल्याही कॅलेंडरात असतात. पण सणवार, तिथी आणि पानामागचा पाककृती-आरोग्याचा मजकूर यांमुळे ते घरोघरी खिळ्यावर टिकले. रोज उपयोगी पडणारी वस्तू कोणी फेकून देत नाही.

आता मुलुंडची एक फराळवाली घ्या. तिने काय लिहावे? चकलीची भाजणी कुठल्या प्रमाणात घ्यावी, चकली मऊ का पडते, परदेशी पाठवायचा फराळ कसा बांधावा, अनारसे किती दिवस टिकतात. हेच प्रश्न गिऱ्हाइके तिला फोनवर विचारतात, आणि तेच तिच्या पानांचे मथळे. मात्र हे दिवाळीच्या आदल्या आठवड्यात लिहून भागत नाही. शोधयंत्राला नवे पान गवसायला वेळ लागतो. दसऱ्याच्या बऱ्याच आधी लिहून ठेवावे.

लिहिताना एक पथ्य पाळा. दरपत्रकाचे नुसते छायाचित्र लावू नका. मजकूर अक्षरांत टाइप करा, तोही युनिकोड मराठीत, कारण शोधयंत्राला असा मजकूर नीट वाचता येतो. गिऱ्हाईक ज्या शब्दांनी विचारते तेच शब्द वापरा. ‘मुलुंड पूर्व, स्टेशनजवळ’ हे स्पष्ट असू द्या. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद फुकट होते. तीही करा, आणि नाव, पत्ता, फोन व वेळा सगळीकडे एकसारख्या ठेवा. जवळपासची दुकाने दाखवताना गूगल अंतराचाही विचार करते. म्हणजे मोठ्या कंपनीपुढेही गल्लीतल्या दुकानाला आपल्या गल्लीपुरता मान आहेच.

उलट दिशेनेही रस्ता बांधावा. दुकानात येणाऱ्याला संकेतस्थळ दाखवा. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांसाठी काढलेला क्यूआर कोड आता भाजीवाल्याच्या गाडीवरही पैसे घेतो. तोच पिशवीवर, बिलावर छापा. पण तो ‘आमच्याविषयी’ या पानावर नेऊ नका. चकलीच्या डब्यावरचा कोड ‘चकली कुरकुरीत कशी ठेवावी’ इथे नेऊ द्या. शेजारच्या धंद्यांशीही हातमिळवणी करा. फराळवालीने रांगोळीवालीचा पत्ता द्यावा, रांगोळीवालीने फराळवालीचा. दोघींचे गिऱ्हाईक एकच, भांडण काहीच नाही.

आणि पान हलके ठेवा. तुमचे गिऱ्हाईक संध्याकाळच्या लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने फोन पाहत असते. अवजड छायाचित्रे उघडेपर्यंत त्याचे स्टेशन येते.

काय करू नये तेही सांगतो. पैसे मोजून ‘हजार भेटी’ विकत घेऊ नका. त्या भेटी देणारा चकली खात नाही. खोटे अभिप्रायही लिहवून घेऊ नका. भारतीय मानक ब्यूरोने अशा अभिप्रायांसाठी २०२२ मध्ये मानकच काढले आहे. आणि कायद्याचे सोडा, गल्लीत खोटे फार दिवस लपत नाही. भेटींचा आकडा पाहून हुरळूही नका. फोन करणाऱ्या प्रत्येकाला एवढेच विचारा, ‘आमचा पत्ता कुठून मिळाला?’ उत्तर वहीत टिपा. दोन महिन्यांत कुठली पाणपोई भरलेली आणि कुठली कोरडी ते कळेल.

तर आज रात्री शटर ओढण्यापूर्वी एक काम करा. दिवसभरात गिऱ्हाइकांनी विचारलेले पाच प्रश्न त्या वहीत लिहा. उद्या त्यांतल्या एकाचे उत्तर, समोर उभ्या असलेल्या माणसाला सांगावे तसे, संकेतस्थळावर घाला. परवा दुसऱ्याचे. इमारत पडेल, गाळा बदलेल, पण तहानेला उपयोगी पडलेले पाणी लोक विसरत नाहीत.